संगणक बंद पडला, यंत्र नाही

लंडनमधील अनेक रुग्णालयांच्या रक्ततपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर ३ जून २०२४ रोजी सायबर हल्ला झाला. दहा हजारांहून अधिक बाह्यरुग्णांच्या भेटी पुढे ढकलाव्या लागल्या. रक्तगट नेहमीच्या वेगाने जुळवता येईना, म्हणून ‘ओ’ गटाच्या रक्तदात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. त्या दिवसांत दगावलेल्या एका रुग्णाच्या बाबतीत, रक्ताचा अहवाल मिळायला लागलेला उशीर हेही मृत्यूमागील एक कारण होते, असे किंग्ज कॉलेज रुग्णालयाने २०२५ मध्ये सांगितले. दिल्लीच्या एम्समध्येही २३ नोव्हेंबर २०२२ च्या सायबर हल्ल्यानंतर नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे कागदावर चालली.

अशा वेळी तपासणीची यंत्रे बिघडलेली नसतात. मोठ्या प्रयोगशाळेतील ॲनालायझर एरवी मुख्य संगणकाच्या हुकमावर चालतो. नळीवरचा बारकोड वाचतो, कोणत्या तपासण्या करायच्या ते संगणकाला विचारतो आणि आकडे परस्पर पाठवतो. संगणकाशी संपर्क तुटला, तरी तंत्रज्ञ यंत्राच्याच पडद्यावर नमुना क्रमांक आणि तपासण्या भरून ते चालवू शकतो. रक्तातली साखर तेव्हाही तितकीच अचूक मोजली जाते.

अडते ते यंत्राबाहेर. क्रमांक हाताने भरताना १६७ चे १७६ झाले, तर अहवाल बरोबर येतो, पण दुसऱ्याच रुग्णाच्या नावावर जातो. आजचा आकडा जुन्या अहवालाशी ताडून पाहणे, पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर असल्यास इशारा देणे, ही कामे संगणक मुकाट्याने करत असतो. आता ती माणसाने आठवणीने करायची. शिवाय यंत्र तासाला शेकडो तपासण्या करते. हाताने लिहिणे आणि अहवाल वॉर्डात पोहोचवणे त्या वेगाने होत नाही. म्हणून अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष आणि अपघात विभागाचे नमुने आधी घेऊन बाकीच्या तपासण्या थांबवण्याचा निर्णय पहिल्या तासातच व्हावा लागतो.

संगणक पूर्ववत झाल्यावरही धोका संपत नाही. मधल्या काळातले अहवाल नोंदवायचे असतात. तोच नमुना दोनदा तपासला जातो किंवा कागदावरचा एखादा अहवाल नोंदवायचा राहून जातो. काही नमुने संगणकावर, काही हाताने, अशी सरमिसळ सर्वांत घातक. कोणत्या क्षणापासून पुन्हा संगणकावर जायचे, हे एकाच जबाबदार व्यक्तीने ठरवावे.

भारतात एनएबीएलची मान्यता ज्या आयएसओ १५१८९ या मानकावर आधारलेली आहे, त्याच्या २०२२ च्या आवृत्तीत आपत्कालीन योजना आणि तिची वेळोवेळी चाचणी अपेक्षित आहे. योजना फाइलमध्ये असून भागत नाही. रात्रपाळीला एकटा असलेल्या तंत्रज्ञाने संगणकाविना वीस नमुने बिनचूक पार पाडून दाखवले, तरच ती खरी. आगीचा सराव होतो, तसाच हाही वर्षातून दोनदा व्हायला हवा. त्याला खर्च फारसा नाही; एक वही, छापील तक्ते आणि तासाभराचा वेळ पुरतो.