ओलीवर रंगाचा हात

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी रुग्णालयांतही शिरले. पूर ओसरला की सरकारी रीत ठरलेली असते : पंचनामा, निविदा आणि भिंतीवर रंगाचा हात. रंगामागची ओल मात्र कोणाच्याच हिशेबात नसते.

भिजलेल्या जिप्समच्या छतावर वा लाकडी फळ्यांवर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणून असे साहित्य ४८ तासांत वाळले नाही, तर ते काढून टाकणे हाच खरा उपाय होय. धडधाकट माणसास सहसा न बाधणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाच्या फुप्फुसात शिरली, तर त्याच्या जिवावर बेतते.

परंतु तोडफोड बेसावधपणे झाली, तर बुरशीचे बीजकण साऱ्या इमारतीत पसरतात. तेव्हा प्रथम रुग्ण हलवावेत, जागा प्लॅस्टिकच्या पडद्यांनी बंदिस्त करावी, आतील हवा वॉर्डात न जाता बाहेर ओढून घ्यावी आणि राडारोडा बंद पिशव्यांतूनच न्यावा.

हे काम करतो कोण? तोंडाला रुमाल बांधलेला, रोजंदारीवरचा कंत्राटी कामगार. रुमालाने बीजकण अडत नाहीत. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे आणि चष्मा ही ठेकेदाराची मेहेरबानी नव्हे. ती निविदेतीलच अट असली पाहिजे. कामगार आणि रुग्ण एकाच हवेत श्वास घेतात. म्हणूनच ही मागणी रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व रुग्णांच्या आप्तांनी एकजुटीने, आणि पुढचा पूर येण्यापूर्वीच, लावून धरली पाहिजे.