वहीच्या मागच्या पानावरचा ग्रह

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. मी आठवीच्या निबंधाच्या वह्या तपासत होते. एका वहीच्या शेवटच्या चार पानांवर निबंधच नव्हता. तिथे एका ग्रहाचा नकाशा काढला होता. अर्धा ग्रह निळा, अर्धा तांबडा आणि मधे हिरवी बारीक पट्टी. वर आकाशात सूर्यामागे धावणारा एक लांडगा. नावे सगळी परकी. मी लाल शाईने ‘अवांतर मजकूर लिहू नये’ असा शेरा मारला आणि वही परत केली.

तो शेरा चुकीचा होता, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

मुलगा धीटपणे म्हणाला, “बाई, हे अवांतर नाही. ही गोष्ट आहे.” संगणकावरच्या एका खेळात त्याला ती नावे भेटली होती. ती उत्तर युरोपातल्या, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड इथल्या जुन्या पुराणकथांतली. मग मीही थोडे वाचले. त्या कथांनुसार आरंभी एक प्रचंड पोकळी होती. एका बाजूला निफ्लहेम हा हिमाचा प्रदेश, दुसऱ्या बाजूला मुस्पेलहेम हा अग्नीचा. हिम आणि ठिणग्या जिथे भेटल्या, तिथे बर्फ वितळला आणि त्या थेंबांतून यमिर नावाचा राक्षस जन्मला. पुढे देवांनी त्याला मारून त्याच्या देहापासून जग घडवले. रक्ताचा समुद्र झाला, हाडांचे डोंगर झाले, कवटीचे आकाश झाले. आपल्या पुरुषसूक्तातही एका विराट देहापासूनच सृष्टी झाली आहे. वाचताना हे साम्य लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

आता मुलाचा नकाशा पाहा. जे लहान, मंद, तांबडे तारे आहेत, त्यांच्या अगदी जवळून फिरणाऱ्या ग्रहांची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. आपला चंद्र पृथ्वीला एकच बाजू दाखवतो, तसेच हे. 2017 साली ‘ट्रॅपिस्ट-1’ या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचे जाहीर झाले, तेही बहुधा असेच. अशा ग्रहावर एका बाजूला कायमचा दिवस, दुसऱ्या बाजूला कायमची रात्र आणि मधल्या संधिप्रकाशाच्या पट्ट्यात कदाचित जगता येण्याजोगी हवा. हिम, आग आणि त्यांच्या भेटीच्या जागी जीव! मुलाने पुराणातली कल्पना उचलली आणि ती विज्ञानाच्या चौकटीत नेमकी बसवली.

तरीही मी त्याला एक प्रश्न विचारला. “तुझ्या ग्रहावर सूर्य आकाशात हलतच नाही, मग लांडगा कोणाच्या मागे धावतो?” तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत येऊन म्हणाला, “बाई, लांडग्याने सूर्याला पकडलंय. त्याने तो दातांत धरून ठेवलाय, म्हणून सूर्य हलत नाही आणि म्हणूनच तो लाल दिसतो. तिथली माणसं रोज घाबरून बघतात की आता गिळतो की काय.”

मित्रहो, तेरा वर्षांच्या मुलाने एका शंकेचे हे उत्तर शोधून आणले. काल्पनिक जग रचायचे म्हणजे मनाला येईल ते लिहायचे, असा आपला समज असतो. खरे तर एकदा नियम ठरवला की तो पाळावा लागतो. सूर्य हलत नसेल तर तिथे दिवस कसे मोजतील? सावल्या कुठे पडतील? पीक कोणते येईल? भूगोल, विज्ञान आणि भाषा असे तिन्ही विषय इथे एकत्र येतात.

एका पालकांनी मला विचारले, “आपली पुराणे काय कमी पडली, म्हणून परक्यांचे देव?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मला त्याच कथांच्या इतिहासात सापडले. आइसलँडने सुमारे 1000 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनेकशे वर्षांनी, 1220 च्या सुमारास, स्नॉरी स्टर्लुसन या ख्रिस्ती विद्वानाने जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. कशासाठी? तरुण कवींसाठी. जुन्या कवितेत सोन्याला ‘सिफचे केस’ म्हणत, समुद्राला ‘यमिरचे रक्त’. कथा विसरल्या गेल्या असत्या, तर ती भाषाच मुकी झाली असती.

आपल्याकडे काय चालले आहे? इंदुरात तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या घरांतली मुले ‘लंकेची पार्वती’ म्हटले की चेहऱ्याकडे बघत राहतात. ‘सुदाम्याचे पोहे’ म्हणजे नाश्ता, एवढेच त्यांना कळते. याच मुलाच्या वहीत ‘बर्फ गिरते’ असे लिहिले होते. बिचाऱ्याने बर्फ पाहिला तो गोळ्याच्या गाडीवर! पण त्या निळ्या अर्ध्या ग्रहाचे वर्णन करायचे म्हणून त्याने आजीकडून गारठा, दहिवर, हुडहुडी, काकडणे हे शब्द मागून आणले. माझ्या दहा शुद्धलेखनांनी जे झाले नाही, ते त्या लांडग्याने केले.

माझी अट एकच आहे. नुसती नावे उचलू नयेत, मूळ कथा वाचावी. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या 1937 सालच्या कादंबरीतल्या बुटक्यांची नावे एका जुन्या आइसलँडी काव्यातून आली आहेत. पण ते आधी त्या जुन्या भाषांचे अभ्यासक होते. आधी वाचन, मग रचना. आणि रचना मराठीत व्हावी. जयंत नारळीकरांनी कृष्णविवराची कथा मराठीत लिहिली, तेव्हा भाषा कुठे अडली नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती, की ग्रंथालयाच्या यंदाच्या खरेदीत देशोदेशीच्या पुराणकथांना आणि आपल्या पुराणकथांच्या सोप्या पुस्तकांनाही जागा द्यावी. पालकांना विनंती, की वहीच्या मागच्या पानावर काही दिसले तर रागावण्याआधी एक प्रश्न विचारावा. आणि विद्यार्थ्यांनो, यंदाच्या हस्तलिखितात ‘माझा ग्रह’ हा विभाग ठेवावा असे मी सुचवले आहे. नियम तुमचे, पण ते तुम्हालाच पाळायचे आहेत.

त्या वहीवरचा माझा शेरा मी खोडला आहे. त्याखाली लिहिले आहे, ‘पुढे काय झाले?’