परत तिथेच?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी निबंध शेवटचा लिहिला तो दहावीत, आणि तोही गाईडमधून पाठ करून. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

तर विषय असा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये परीक्षा संपल्यावर मी मॉरिशसला गेले. तिसऱ्यांदा. बॅग भरताना रूममेट म्हणाली, "परत तिथेच? अगं, तेवढ्यात बाली झालं असतं!" मेसच्या टेबलावरही तेच. कोणी थायलंड सुचवलं, कोणी व्हिएतनाम. "तिथे जाऊन करणार काय?" या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं, "खाणार आणि झोपणार." त्यावर जे हसू झालं त्याला उत्तर म्हणून हा लेख समजा.

आधीच सांगते, मामा तिथे एबेनला आयटीत नोकरीला आहे म्हणून हे शक्य होतं. राहणं फुकट, विमानाचं तिकीट अर्धं बाबांचं आणि अर्धं माझ्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडचं. मामा नसता तर हा लेखही नसता. पण माझा मुद्दा पैशाचा नाही. आपल्या पिढीला लागलेल्या एका शब्दाचा आहे, तो म्हणजे 'कव्हर करणं'. सिलॅबस कव्हर करतो तसेच आपण देशही कव्हर करतो. एकदा टिक मारली की तो देश संपला!

मीसुद्धा तेच केलं होतं. २०१६ मध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पाच दिवसांत सगळं उरकलं. शामारेलची सात रंगांची माती, पोर्ट लुईच्या म्युझियममधला डोडो, स्पीडबोट, ईल ओ सेर्फ. आता आठवतं काय? तर गाडीत लागलेली उलटी. बाकी सगळं फोटोत आहे.

दुसऱ्यांदा गेलो २०२२ च्या डिसेंबरमध्ये, आणि या वेळी आजी बरोबर होती. आजीचे गुडघे म्हणजे आमच्या टूरचा स्पीडब्रेकर. चढण नको, बोट नको, ऊन नको. मग मामा आम्हाला फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर सोडून ऑफिसला जायचा. तिथे सुरूची झाडं आहेत, अगदी आपल्या कोकणात असतात तशीच. सतरंजी टाकायची आणि बसायचं. पहिल्या दिवशी मी इतकी बोअर झाले की विचारू नका. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की तासभर मोबाईल हातात घेतलेलाच नाही. लांबवर प्रवाळाच्या रांगेवर लाट फुटते, तिची पांढरी रेघ दिसते आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं शांत. रविवारी तर धमाल. अख्खी खानदानं बिर्याणीची पातेली घेऊन येतात, कोणीतरी रवान नावाचा डफासारखा ढोल बडवायला लागतो आणि बायका सेगा नाचतात. आमच्या शेजारच्या कुटुंबाने न विचारता आजीच्या हातात मिठामिरचीत घोळवलेलं अननस ठेवलं. आजी म्हणाली, "ही माणसं आपल्यासारखीच आगाऊ आहेत." तिच्या तोंडून ही स्तुती असते.

आता खाण्याकडे वळते, कारण मेसचं जेवणारे वाचक तेवढ्यासाठीच वाचत असणार. तिथलं राष्ट्रीय खाणं म्हणजे दालपुरी. नाव पुरी, पण तळलेली नसते. गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, कोरडी दळायची, मैद्यात भरून इतकी पातळ लाटायची की खालचा हात दिसावा. ती एकटी कधीच मिळत नाही, 'एन पेर' म्हणजे जोडीच घ्यायची. आत मोठ्या पांढऱ्या वालांची आमटी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी. कागदात गुंडाळून उभ्या उभ्या खायची. आणि गातो पिमां! नाव फ्रेंच, पण चीज आपला डाळवडाच. तो सकाळी लोण्याबरोबर पावात घालून खातात. पावात वडा घालण्याचं पेटंट आपलं एकट्याचं आहे असं मी समजत होते! बाजारात मिळणारा आलुदा प्यायले, तर त्यात सब्जा. म्हणजे फालुद्याचाच भाऊ.

वाकवाला मामाच्या घराजवळ एक काकू काचेची पेटी घेऊन दालपुरी विकते. तिच्याकडे आम्ही रोज जायचो. चौथ्या दिवशी कळलं की ती मराठी आहे. आजीला कोण आनंद! पण गप्पा काही जमेनात, कारण काकू बोलते क्रिओल. मराठी म्हणाल तर गणपतीच्या आरत्या तिला सगळ्या पाठ, शेवटच्या कडव्यापर्यंत. मला बोलता येतं, पण आरतीत पहिल्या कडव्यानंतर मी नुसते ओठ हलवते. दोघींना अर्धी अर्धी मराठी. (गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी विषय घेता येतो. हे मला तिनेच मामाकरवी ऐकवलं, थोडं डिवचूनच.)

तिचे पूर्वज मुंबईहून मजूर म्हणून गेले होते. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा. १८३४ पासून पुढे सुमारे ८५ वर्षांत जवळपास पाच लाख माणसं भारतातून कराराने मॉरिशसला नेली गेली. घाटावर दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत, तिथून ती वर चढायची आणि मग उसाच्या मळ्यात जायची. तिथे 'डबल कट' नावाचा नियम होता. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची. मी वाचून आधी हसले, म्हटलं, आपल्या पंचाहत्तर टक्क्यांचा खापरपणजोबा! मग हसू थांबलं. जिथे एक दिवस आजारी पडायची सोय नव्हती तिथे मी आराम करायला आले होते. आणि जी दालपुरी मी चवीने खात होते ती याच माणसांनी बरोबर नेलेली. याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. एवढं मात्र कळतं की हॉटेलच्या कुंपणाआड पाच दिवस बुफे खाऊन परत येणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

आणखी एक गोष्ट, जिची मला लाज वाटते. २०२० च्या जुलैमध्ये वाकाशिओ नावाचं जहाज पॉइंट देस्नीच्या प्रवाळात रुतलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गळलं. लॉकडाऊन होतं, मी दिवसभर मोबाईलवरच होते. ती बातमी मी बघितली आणि बोटाने वर सरकवली. कव्हर झालेली जागा ना ती! २०२२ मध्ये मायबुर्गला गेलो तेव्हा मामाच्या मित्रांनी सांगितलं की लोकांनी मदतीची वाट पाहिली नाही. उसाचं वाळलेलं पाचट कापडात आणि स्टॉकिंग्जमध्ये भरलं, तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या, आणि तेल अडवायचे लांबच लांब तरंगते बांध हाताने शिवले. शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे किनाऱ्यावर. आपण इथे चार वर्षं डिझाइन शिकतो. त्यांनी हाताशी होतं त्यात काम भागवलं. ते ऐकताना माझ्या पोटात आलुदा होता आणि चेहरा लपवायला जागा नव्हती.

म्हणून माझं म्हणणं आहे की एखाद्या जागी परत जावं. नवीन काही बघायला नाही, नुसतं बसायला, तेच खायला. पहिल्या खेपेला जागा आपल्याला ओळखत नाही आणि आपण फोटो काढण्यात गुंतलेले असतो. बाली वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. जा, पण गेलात तर पुन्हाही जा. आणि त्यासाठी मॉरिशसच लागतं असं थोडंच आहे? आमच्या विंगमधली एक जण दर मे महिन्यात दिवेआगरला त्याच घरी उतरते, आणि तिथल्या मावशी तिच्यासाठी फणस राखून ठेवतात. तिला कोणी विचारत नाही, परत तिथेच? कारण ती कोणाला सांगतच नाही, शहाणी आहे.

या डिसेंबरच्या खेपेत आजी नव्हती. गुडघ्यांनी आता साफ नकार दिलाय. वाकवाला रस्त्याकडेचे गुलमोहर लालभडक फुललेले (तिथे तो डिसेंबरात फुलतो). मी पेटीसमोर उभी राहिले. दोन वर्षांनी ओळखेल असं वाटलं नव्हतं. काकूने वर बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि विचारलं, "कोत ऊ ग्रांमेर?" तुझी आजी कुठाय?

मी हाताने गुडघा दाखवला. तिला कळलं. निघायच्या दिवशी तिने आजीसाठी एक जोडी वेगळी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. सहा-साडेसहा तासांचं विमान आणि पुढे पुण्यापर्यंतची गाडी, एवढ्यात तिचा पार पापड झाला. आजीने ती तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम केली, खाल्ली आणि म्हणाली, "चटणी कमी दिली हिने."