दोरीचे दुसरे टोक

दिवाळीच्या फराळाशेजारी कुत्र्याचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. खुशाल मुरडोत, आजचा विषय नाकाचाच आहे.

गेल्या प्रजासत्ताक दिनी आमच्या तालुक्याच्या मैदानावर श्वानपथकाचे प्रात्यक्षिक झाले. ओळीने पाच पिशव्या मांडल्या होत्या. एकीत वासाची पुडी होती. कुत्रा हुंगत आला, तिसऱ्या पिशवीपाशी थांबला आणि शहाण्या मुलासारखा खाली बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र टाळी वाजवली नाही. पुडी लपवणारा आणि कुत्र्याला फिरवणारा हस्तक एकच होता आणि तिसऱ्या पिशवीपाशी त्याचे पाऊल किंचित रेंगाळले होते. त्याने ते मुद्दाम केले नसेल. त्याला ते कळलेही नसेल. मला कळले, कारण ते पाऊल माझ्या ओळखीचे आहे.

मी मॅट्रिकपुढे न शिकलेला शाळामास्तर. तपासणीला साहेब येतात आणि विचारतात, "सात नवे किती?" मुलगा "चौसष्ट" म्हणू लागतो, माझी भुवई वर जाते आणि मुलगा "त्रेसष्ट" म्हणून मोकळा होतो. साहेब खूश, मी खूश. पाढा मात्र मुलाला येत नाही. त्याला मास्तरांची भुवई वाचता येते.

बर्लिनमध्ये असाच एक घोडा होता, हान्स नावाचा. मालक फॉन ऑस्टेन हे गणिताचे मास्तर. गणित घातले की घोडा खुराने ठोके देऊन उत्तर सांगे. १९०४ साली त्याने मोठमोठ्या विद्वानांना थक्क केले. पुढे ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने एक साधी युक्ती केली : ज्याला उत्तर ठाऊक नाही अशाकडून प्रश्न विचारवले. घोड्याचे गणित तिथेच संपले. तो ठोके मोजत नव्हता. विचारणाऱ्याच्या मानेची बारीकशी हालचाल पाहून थांबत होता.

"घोड्याचे सोडा हो मास्तर, कुत्र्याचे नाक ते नाक!" असे कोणी म्हणेल. नाकाविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो शिकवणीविषयी. कुत्र्याला काय शिकवतात? वास सापडला की बसायचे, बसले की चेंडू मिळतो. स्फोटके ओळखणाऱ्याला पंजा न मारता बसायला शिकवतात, कारण तिथे पंजा मारणे म्हणजे मरण. कुत्र्याला कायदा ठाऊक नाही, गुन्हा ठाऊक नाही. त्याला चेंडू ठाऊक आहे. चेंडूकडे जाणारे रस्ते दोन : एक वास शोधण्याचा, कष्टाचा, दुसरा धन्याचे तोंड वाचण्याचा, सोपा. सोपा रस्ता उघडा ठेवलात, तर आमची मुले काय आणि कुत्रा काय, त्यानेच जाणार.

कॅलिफोर्नियातील लिसा लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका चर्चच्या खोल्यांत १८ कुत्रे आणि त्यांचे १८ हस्तक यांना शोध घ्यायला लावले. वासाची वस्तू कोठेही ठेवलेली नव्हती. पण हस्तकांना ती असू शकेल असे सांगितले होते. काही ठिकाणी लाल कागद लावून 'ही वासाची जागा' असेही सुचवले होते. एकूण १४४ शोध झाले. त्यांपैकी १२३ शोधांत हस्तकांनी "कुत्र्याने खूण दिली" असे सांगितले आणि लाल कागदापाशी तर अधिकच. कुत्रा खरोखर बसला की माणसाला तो बसल्यासारखा वाटला, हे वेगळे काढता आले नाही. कसेही असले तरी चूक दोरीच्या माणसाकडील टोकाला होती.

आता कोणी मला जंजीरची आठवण देईल. पुण्यात शिकलेला, मुंबई पोलिसांचा तो लॅब्रेडोर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने लपवलेली स्फोटके हुंगून काढली आणि कितीतरी घरांतल्या चुली पेटत्या ठेवल्या. त्याला माझा दंडवत. पण एक फरक ध्यानात घ्या. कुत्रा पिशवीपाशी चुकून बसला, तर पिशवी उघडली की चूक कळते. कुत्रा माणसाच्या दारात चुकून बसला, तर काय उघडून पाहणार?

आमच्या गावात काही वर्षांपूर्वी एका संस्थेची पेटी फुटली. माग काढणारा कुत्रा येईपर्यंत गावाने एक नाव कुजबुजून ठेवले होते आणि हस्तकाने चहा घेतला तो त्या कुजबुजीतच. गावाने आपला लाल कागद आधीच चिकटवला होता! कुत्रा गावाबाहेरच्या एका झोपडीपाशी थांबला. त्या घरचा मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात. पंधरा दिवसांनी पैसे सापडले, ते पेटीची किल्ली ज्याच्याकडे होती त्याच्याच घरी. पण ते सांगायला झोपडीकडे कोणी गेले नाही. मधल्या सुट्टीत पोरे त्या मुलाकडे पाहून भुंकत. त्याने शाळा सोडली.

१९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले : कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही आणि माणसाचा जीव व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगू नये. त्या पुराव्याला न्यायालयाने फारसे वजन दिले नाही. पण न्यायालय दूर असते, चावडी जवळ. चावडीवर निकाल लागतो तो टाळ्यांनीच.

म्हणून माझे मागणे साधे आहे. सरावात पुडी लपवणारा वेगळा असावा, तो नजरेआड असावा आणि हस्तकाला जागा ठाऊक नसावी. काही दिवस पुडी मुळीच लपवू नये आणि "इथे काही नाही" म्हणून परतणाऱ्या जोडीची पाठ थोपटावी. चुकांची वही ठेवावी आणि ती न्यायालयाला दाखवावी. गुन्ह्याच्या जागी हस्तकाच्या कानात कोणी नाव घालू नये. यात पैसा लागत नाही. अभिमान तेवढा बाजूला ठेवावा लागतो. कुत्र्याला महिनोन्‌महिने शिकवता, तर दोरी धरणाऱ्याला आपले तोंड कोरे ठेवायला का शिकवत नाही?

मीही शिकतो आहे. हल्ली प्रश्न विचारला की मी खिडकीबाहेर पाहतो. वर्गाचा निकाल घसरला आहे, पण खरा आहे.

त्या मुलाला परत आणायला मी तीनदा झोपडीवर गेलो. तिसऱ्या खेपेला त्याच्या बापाने एवढेच विचारले, "गुरुजी, कुत्र्याला कुनी सांगितलं व्हतं?"

मला उत्तर ठाऊक होते. मी खाली मान घालून घरी आलो.