पटेल शॉट

मंडळाच्या चादरवाटपाचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. देणाऱ्या चौघी, घेणारी एक. चौघी कॅमेऱ्याकडं बघून हसतायत, घेणारी खाली बघतेय. संध्याकाळच्या आत तो फोटो सगळ्या ग्रुपांवर जातो, अंगठ्यांचा पाऊस पडतो. "बाई, टाकू का?" असं तिला कुणी विचारलेलं नसतं. चादर दिली म्हणजे चेहरा आपल्या मालकीचा झाला, असा हा हिशेब. आणि गुप्तदानाचं कौतुक करणाऱ्याही आपणच! कागदावर 'मानवी हक्क' छापणाऱ्या कितीतरी संस्था हेच करतात, त्यांचा कॅमेरा भारी असतो एवढंच.

हैदराबादहून सोलापूरला जाताना झहीराबाद लागतं. आपण चहा पितो नि पुढं जातो. तिथून जवळच पस्तापूर आहे. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी 1983 पासून दलित शेतकरी बायकांच्या संघांबरोबर काम करते. त्यांतल्या काही जणींनी, ज्यांना लिहितावाचताही येत नव्हतं, व्हिडिओ कॅमेरा शिकून घेतला आणि शॉटांना स्वतःची नावं दिली. वरून खाली बघणारा तो पटेल शॉट, कारण जमीनदार असाच बघतो. खालून वर बघणारा तो गुलामाचा शॉट. डोळ्याला डोळा भिडतो तो संघम शॉट, कारण संघात सगळ्या सारख्याच उंचीवर बसतात. आपल्या मंडळाचा फोटो यांतला कुठला, ते सांगायला नकोच.

याच बायकांचं संघम रेडिओ. ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता, असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये सांगितलं, पण संस्थांना केंद्र चालवायची मुभा सरकारनं दिली 2006 मध्ये. तोवर या बायका कार्यक्रम टेप करायच्या नि संघाच्या बैठकीत वाजवायच्या. अखेर 2008 मध्ये माचनूरहून प्रसारण सुरू झालं. बियाणं, ज्वारी, आजारपण, गाणी, सगळं त्यांच्याच तेलुगूत. स्वतःचं बातमीपत्र करायला मात्र सामुदायिक रेडिओला आपल्या देशात बंदी आहे, आकाशवाणीचंच लावायचं. म्हणजे बाईनं गावं, बियाणं निवडावं, बातमी दुसऱ्यानं सांगावी. यावर आपल्या सभांत कधी ठराव झाल्याचं मला आठवत नाही.

"फोटो नसेल तर देणगी कोण देईल?" असं कोषाध्यक्षबाई विचारतील. मग पावत्या दाखवा. कोरडा हातपंप दाखवा, कुलूप लागलेलं आरोग्य केंद्र दाखवा. पुरावा म्हणून कॅमेरा हवाच, माझं त्याच्याशी वैर नाही. पण रडका चेहरा हा कशाचा पुरावा?

अत्याचार झालेल्या मुलींच्या बाबतीत तर हा गुन्हाच आहे. पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वी कलम 228 अ होतं, आता भारतीय न्याय संहितेत 72 आहे. कठुआच्या मुलीची ओळख दिल्याबद्दल 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टानं कितीतरी माध्यमांना प्रत्येकी 10 लाख भरायला लावले. त्याच दिवसांत मेणबत्तीचं चित्र जोडून तिचा फोटो आपल्या ग्रुपांवरही फिरत होता. दुःख खरं होतं हो, पण फोटो तिचा होता.

पुढच्या बैठकीत मी दोन ओळींचा ठराव मांडणार आहे. फोटो काढण्याआधी तिला विचारायचं, तिच्या भाषेत. ती नको म्हणाली, तरी चादर द्यायचीच.