सूक्ष्म घरांतील अडगळ

वऱ्हाडांत कामरगावच्या शिवारावर दुपारचें ऊन तापूं लागलें म्हणजे तुरीचें पान त्या उन्हावर आपलें अन्न सिद्ध करीत असतें. वाचकांस नवल वाटेल, कीं तेंच ऊन पानाच्या हरितकणांतील 'डी-१' नांवाचें एक प्रथिन सारखें मोडीतही असतें! मोडकें प्रथिन वेळींच काढून तेथें नवें बसविलें नाहीं, तर पानाची चूल विझेल. हें काढून टाकणारें यंत्र वनस्पतींस वारशानें मिळालें आहे. कारण हरितकण हे मूळचे जीवाणूंचेच वंशज होत. म्हणून आज आम्ही त्या मूळ घराण्याचीच विचारपूस करणार आहों.

आपल्या आंतड्यांत राहणारा 'ई. कोलाय' हा जीवाणू लांबीनें मिलिमीटरचा सुमारें ५०० वा भाग. त्याच्या देहाच्या पातळ पडद्यांत 'एफ्-टी-एस्-एच्' नांवाचें यंत्र रोंवलेलें असतें. ६ सारख्या घटकांचें हें कडें. त्याच्या पोटांत जस्ताच्या साहाय्यानें चालणारी जणूं कातरच. नकोशा प्रथिनाचें मोकळें टोंक धरून, 'ए-टी-पी' हें पेशीचें इंधन खर्चून, हें यंत्र त्यास पडद्यांतून ओढून काढतें, त्याची घडी उलगडतें आणि बारीक तुकडे करतें. त्या तुकड्यांतील अमिनो आम्लें पुढें नव्या प्रथिनांच्या कामीं येतात.

परंतु नकोसें कोण, हें ठरावें कसें? 'सेक्-वाय्' हें नवीं प्रथिनें पडद्यापार नेणारें दार. त्यास 'सेक्-ई' हा जोडीदार लाभला तर तें सुखरूप राहतें. एकटें पडलें तर तोडलें जातें. किहारा, आकियामा व इतो या जपानी संशोधकांनीं हें १९९५ सालीं दाखविलें. दुसरें उदाहरण याहून मार्मिक आहे. 'एल्-पी-एक्स्-सी' हें प्रथिन धड असतें, उपयोगीही असतें. पण तें फार साचलें कीं पडद्यांतील द्रव्यांचें प्रमाण बिघडून जीवाणूच मरतो. ओगुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं ही गोष्ट उघड केली. तात्पर्य, टाकाऊ म्हणजे केवळ मोडकें नव्हे. जें अतिरिक्त झालें तेंही टाकाऊच.

आपल्या पेशींत ऊर्जा निर्माण करणारे कण आहेत, त्यांतही या घराण्याचें यंत्र आहे. त्यांतील 'पॅराप्लेजिन' हा घटक सदोष असल्यास पाय हळूहळू ताठर व दुबळे होतात, असें १९९८ सालीं सिद्ध झालें. हा दोष आई व बाप अशा दोघांकडून आला तरच बहुधा रोग प्रकट होतो. म्हणून मामेबहिणीशीं विवाह करण्याची रूढि ज्या घराण्यांत आहे, त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. घरांतील कोणाचें पाऊल अडखळूं लागलें, तर 'वयच झालें' म्हणून स्वस्थ न बसतां त्यास मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे न्यावें. आणि मागच्या पिढींत कोणास तसें झालें होतें काय, हें घरांतील वडील माणसांस विचारून जावें.