पवळक्कार तेरूतलं पाणी

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधलं थंबू चेट्टी स्ट्रीटवरचं काळिकांबाळ मंदिर बऱ्याच मराठी माणसांना ऐकून ठाऊक असतं. १६७७ मध्ये शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते, अशी तिथली परंपरा सांगते. याच जॉर्ज टाउनमध्ये एका रस्त्याचं नाव आहे पवळक्कार तेरू, इंग्रजीत कोरल मर्चंट स्ट्रीट. तमिळ पवळम म्हणजे आपलं पोवळं. सतराव्या-अठराव्या शतकांत ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं लिव्होर्नो आणि लंडनमार्गे मद्रासला आणत आणि त्याच्या मोबदल्यात गोवळकोंड्याचे हिरे घेत. ते पोवळं मेलेलं होतं, पेटीत महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी त्याचं काही बिघडत नसे. घरच्या टाकीतल्या जिवंत प्रवाळाला मात्र पाण्यातला आठवडाभराचा फरकही सोसत नाही.

पॉलिप मिटून बसले, रंग उतरला, बुडाकडून ऊती मागे सरकून पांढरा सांगाडा दिसू लागला, की बहुतेकांचा हात बाटलीकडे जातो. आज आयोडीन, उद्या अमिनो आम्लं, परवा दिव्याची वेळ कमी. चार दिवसांत तीन बदल झाले की मूळ दुखणं कुठलं, हे कळायची वाटच बंद होते. प्रवाळ बिघडलं की पहिला संशय उडून गेलेल्या पाण्याच्या जागी टाकीत रोज ओतल्या जाणाऱ्या टॉप-अपच्या पाण्यावर घ्यावा, असं या मासिकाचं स्पष्ट मत आहे.

चेन्नईत तर तो घ्यावाच लागतो. इथल्या नळाचं पाणी वर्षभर एकच नसतं. कधी पुळल आणि चेंबरमबाक्कमसारख्या जलाशयांचं, कधी टँकरचं, कधी इमारतीच्या बोअरचं. उत्तर चेन्नईला २०१० पासून मिंजूरच्या प्रकल्पात समुद्राचं गोडं केलेलं पाणीही मिळू लागलं. २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय आटले, तेव्हा जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणींतून एका खेपेला २५ लाख लिटर पाणी शहरात आणावं लागलं. नळ तोच, पण त्यातले क्षार महिन्या-महिन्याला निराळे. पडदा आणि रेझिन यांतून पाणी शुद्ध करणारा आरओ-डीआय संच चांगला असेल तर हा फरक टाकीपर्यंत पोचत नाही. पण डीआयचं रेझिन संपत आलं की आधी धरून ठेवलेलं सिलिकेट तेच पाण्यात सोडू लागतं, आणि नेमकं तेव्हाच काचेवर तपकिरी थर दिसायला लागतो. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आरओच्या पुढे नाही, रेझिनच्या पुढे लावावा. तिथे शून्य दिसत नसेल तर रेझिन बदलावं. क्लोरिन मात्र या मीटरला दिसत नाही. त्यासाठी मेम्ब्रेनच्या आधीचा कार्बन वेळेवर बदलण्याला पर्याय नाही.

हिशेब करून पाहावा. मे महिन्यात चिलर नसलेल्या टाकीवर पंखा लावला, की बाष्पीभवनाने पाणी थंड होतं आणि तितकंच झपाट्याने उडतं. समजा रोज ४ लिटर उडतं आणि ते ४०० टीडीएसच्या नळाच्या पाण्याने भरून काढलं जातं. म्हणजे रोज १.६ ग्रॅम, महिन्याला ४८ ग्रॅम नको असलेले पदार्थ टाकीत साचतात, कारण वाफ त्यांना घेऊन जात नाही. मालकाच्या मते त्याने फक्त पंखा लावलेला असतो. शिवाय दमट किनारपट्टीवर पंख्याला मर्यादा आहेत. पाणी ३० अंशांच्या वर बरेच दिवस राहिलं तर प्रवाळ आपल्या ऊतीतली शैवालं बाहेर टाकतं. मन्नारच्या आखातात २०१० आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत हेच घडलं, आणि तिथे तर अख्खा समुद्र होता.

किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांनी ऑक्टोबर ते डिसेंबर ते आणूच नये. या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह बंगालच्या उपसागराच्या उत्तरेकडचं, नद्यांनी पातळ केलेलं पाणी दक्षिणेला आणतो, त्यात शहरातल्या कूवम आणि अड्यार नद्यांचा पूर मिसळतो. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या पुरातून एन्नोरच्या खाडीत तेलही पसरलं होतं.

पाण्याचं निस्तरल्यावर क्षारता पाहावी, तीही ३५ च्या द्रावणाने जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर. निव्वळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून समाधान मानू नये. मग अल्कलिनिटी. ती ७.५ dKH आहे की ९, यापेक्षा ती एका जागी राहते का, हे महत्त्वाचं. नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य आणि अल्कलिनिटी चढी असेल, तर ॲक्रोपोराची टोकं जळतात. अशा वेळी स्किमर वाढवणं म्हणजे उपाशी प्राण्याला आणखी उपास घडवणं. एकच वसाहत आजारी आणि शेजारची ठणठणीत असेल, तर मात्र पाणी निर्दोष समजावं आणि रात्री टॉर्च घेऊन बसावं: शेजाऱ्याचे लांब दंशतंतू, चपटे कृमी, बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी तेव्हाच दिसतात.

वीज गेली तर आधी ऑक्सिजन. दिवा दोन-तीन दिवस नसला तरी प्रवाळ तगतं. १२ डिसेंबर २०१६ च्या वर्धा वादळानंतर शहराच्या अनेक भागांत वीज काही दिवस नव्हती, तशा वेळी बॅटरीवरचा साधा एअर पंप महागड्या दिव्यापेक्षा मोलाचा ठरतो.

एक गोष्ट कडकपणे सांगायला हवी. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. आपल्या समुद्रातून तोडलेला तुकडा कुणी ‘जिवंत खडक’ म्हणून विकत असेल, तर तो घेऊ नये. मेलेल्या वसाहतीच्या जागी तसा दुसरा तुकडा आणणं हा उपाय नाही, तो गुन्हा आहे.

वाचकांना विनंती: प्रवाळ मिटलेलं दिसेल त्या दिवशी बाटली उघडण्याआधी टॉप-अपच्या डब्यात मीटर बुडवावा, आकडा आणि तारीख वहीत लिहावी, आणि एकच बदल करून आठवडाभर थांबावं.